जंप रिंग घरीच कापायच्या तर: तांब्याच्या तारेपासून बायझंटाइन साखळीपर्यंत

जंप रिंग म्हणजे दागिन्याचे भाग जोडायची तोंड उघडणारी तारेची कडी. पाकिटातून मिळणाऱ्या तयार जंप रिंग कानातल्याला लटकन अडकवायला पुरेशा असतात. त्याच घेऊन चेनमेलचं, म्हणजे कड्या एकमेकींत ओवून केलेल्या विणीचं, ब्रेसलेट विणायला बसलात की दोन गोष्टी खुपायला लागतात. एक, रिंगचं तोंड चिमटून तोडल्यासारखं असतं, त्यामुळे ती कितीही दाबली तरी बारीक फट राहते. दुसरं, पाकिटावर बहुतेक वेळा बाहेरचा व्यास लिहिलेला असतो. विणीला लागतो आतला. चेनमेलमध्ये शेकडो कड्या एकमेकींत गुंततात आणि त्यातली सहसा एकही झाळलेली नसते. सगळी साखळी टिकते ती कड्यांची तोंडं एकमेकांना किती सपाट भिडली आहेत यावर. तोंड सपाट मिळवायचं तर कडी करवतीने कापायला हवी, आणि ते घरच्या टेबलावर सहज जमतं.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. उदाहरण एकच धरलं आहे: १.२२ मिमी जाडीची तांब्याची तार, आतून ४ मिमीची कडी, आणि त्या कड्यांची बायझंटाइन साखळी, जिच्यात कड्यांच्या जोड्या मागे दुमडून त्यांतून पुढच्या कड्या ओवतात. शिकायला तांब्यासारखा धातू नाही. ते वळायला मऊ आहे, करवतीला फार जड जात नाही, आणि बिघडलं तर चांदीइतकं मन दुखत नाही.

तार घेताना

दुकानात गेज सांगू नका, मिलिमीटर सांगा. आपल्याकडे तारेचं गेज म्हणजे सहसा ब्रिटिश पद्धतीचं, एसडब्ल्यूजी. परदेशी पॅटर्नमध्ये मात्र कधी हे असतं, कधी अमेरिकन एडब्ल्यूजी. १८ नंबरची तार ब्रिटिश मापात १.२२ मिमी, अमेरिकन मापात १.०२ मिमी. १६ नंबर एकीकडे १.६३, दुसरीकडे १.२९. २० नंबर ०.९१ आणि ०.८१. ०.२ मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण त्याने साखळी एक तर कडक काठीसारखी होते, नाहीतर लोळागोळा. म्हणून डिजिटल व्हर्निअर, म्हणजे जाडी आणि व्यास बारकाईने मोजायचं माप, हे पहिलं हत्यार. तार आणली की तीन-चार ठिकाणी मोजायची आणि आलेला आकडा वहीत लिहायचा. बिलावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

तार उघडी हवी. मोटर रिवाइंडिंगची तार चकचकीत आणि सहज मिळणारी असली तरी तिच्यावर इनॅमलचा थर असतो. तो खरवडून नीट निघत नाही आणि जाळला तर निघणारा धूर घरात नको. बांधकामावर सळ्या बांधायची काळी बाइंडिंग वायर अगदी स्वस्त असते. गुंडाळण्याचा आणि विणीचा सराव तिच्यावर खुशाल करा, पण ती गंजते आणि करवतीचं पातं लवकर बोथट करते. जस्ताचा मुलामा दिलेली जीआय तार दागिन्याला घेऊ नका, आणि ती तापवायची तर मुळीच नाही.

पुण्यात बोहरी आळीच्या परिसरात, मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळीच्या बाजूला तार आणि हत्यारं शोधता येतात. इतर गावांत सराफ बाजाराजवळ सोनारकामाची हत्यारं विकणारं एखादं दुकान असतंच. करवत आणि पाती तिथूनच घ्या. छंदाच्या किटमधली करवत बहुधा लेचीपेची निघते.

किती तार लागेल याचा हिशेब सोपा आहे. एका कडीला लागणारी तार म्हणजे ३.१४ गुणिले (आतला व्यास अधिक तारेची जाडी). आपल्या मापाला ३.१४ × ५.२२, म्हणजे साधारण १६.४ मिमी. एक मीटर तारेत कागदोपत्री ६१ कड्या बसतात. ही तार मीटरला सुमारे साडेदहा ग्रॅम भरते, म्हणजे १०० ग्रॅममध्ये साडेनऊ मीटर. शेपटं आणि बिघडलेल्या कड्या वजा जाता चारशेच्या आसपास कड्या हाती लागतात. पहिल्या ब्रेसलेटला आणि त्याआधीच्या चुकांना एवढं पुरून उरतं.

माप कसं ठरवायचं

कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी, हा आकडा विणीचा स्वभाव ठरवतो. इंग्रजीत त्याला आस्पेक्ट रेशो म्हणतात. आपण गुणोत्तर म्हणू. आपल्या कडीचं गुणोत्तर ४ ÷ १.२२, म्हणजे ३.३ च्या जवळ. बायझंटाइनला ३.२ ते ३.६ सुरेख बसतं. ३ च्या खाली गेलात तर दुमडलेल्या जोडीतून पुढची कडी आतच जात नाही. ४ च्या वर वीण सुटसुटीत होते, पण तिचा गोफासारखा भरीव पोत हरवतो. युरोपियन फोर-इन-वन, म्हणजे कड्यांच्या चिलखताची जुनी वीण, ३.५ ते ४.५ मध्ये मोकळी पडते. हाफ पर्शियनला ५ च्या आसपास लागतं.

समजा परदेशी पॅटर्नमध्ये ‘१८ गेज, ४ मिमी’ एवढंच लिहिलंय. तार १.०२ ची धरली तर गुणोत्तर ३.९, १.२२ ची धरली तर ३.३. दोन्ही साखळ्या होतील, पण एकसारख्या होणार नाहीत. फोटोतली साखळी तशीच का होत नाही, याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

सळई

तार जिच्याभोवती गुंडाळायची ती सळई गोल, गुळगुळीत आणि पूर्ण लांबीत एकाच जाडीची हवी. लोकर विणायच्या स्टीलच्या सुया यासाठी छान. आपल्याकडे त्या जुन्या ब्रिटिश नंबरांनी मिळतात आणि नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर ४ मिमी, १० नंबर ३.२५, ११ नंबर ३ मिमी. तरीही व्हर्निअर लावाच. रंगीत अॅल्युमिनियमच्या सुया १.२ मिमी तारेच्या ताणाने वाकतात आणि वाकलेल्या सुईवरून गुंडाळी निघत नाही. थोड्याच कड्या हव्या असतील तर ४ मिमी ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडाही चालतो.

सळईचं माप म्हणजे कडीचं माप नव्हे. ताण सोडला की गुंडाळी किंचित उलगडते. मऊ तांबं ४ मिमी सळईवर साधारण ४.१ होतं. पितळ त्याहून जास्त उघडतं, स्टेनलेस स्टील बरंच जास्त. उलट करवतीच्या पात्याने खाल्लेली पाव मिमी तार कडीच्या घेरातून कमी होते, त्यामुळे कडी बंद केल्यावर आतला व्यास ०.०८ मिमीने घटतो. तांब्यात हे दोन्ही जवळपास फिटतात. इतर धातूंत फिटत नाहीत, म्हणून प्रत्येक नव्या तारेची आधी दहा कड्यांची चाचणी गुंडाळी करा.

गुंडाळणं

तार आधी सरळ आणि थोडी कडक करून घ्या. दीड-दोन मीटरचा तुकडा कापून एक टोक व्हाइसमध्ये पकडा, दुसरं पकडीत धरून सरळ रेषेत ताणा. तार जराशी ‘सोडते’ तो क्षण हाताला कळतो, तिथे थांबा. बारीक वाकं निघून जातात आणि तांब्यात थोडा ताठपणा येतो. अगदी मऊ तारेच्या कड्या विणताना हातातच लंबगोल होतात, त्याला हा उपाय आहे. चेहरा तारेच्या रेषेत ठेवू नका आणि चष्मा घाला.

मग तारेचे ८० सेंमीचे तुकडे करा. एका तुकड्यात पाच सेंमीची गुंडाळी, म्हणजे चाळीसेक कड्या होतात आणि दोन्हीकडे धरायला शेपूट उरतं. नवख्या हाताला एका वेळी एवढीच लांबी झेपते. दहा सेंमीची गुंडाळी करवतीखाली फिरायला लागते.

सळईला पुसटसं मेण लावा. तारेचं एक टोक काटकोनात वाकवून सळईसोबत हँड ड्रिलच्या किंवा कॉर्डलेस ड्रिलच्या चकमध्ये एकत्र आवळा. ड्रिल सगळ्यात कमी वेगावर. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली चामड्याचा तुकडा धरून त्यातून तार सोडायची, ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच. तार सळईवर काटकोनाला किंचित कमी अशा कोनात, आधीच्या वेढ्याकडे झुकलेली यायला हवी, म्हणजे नवा वेढा आपोआप जुन्याला खेटून बसतो. कोन उलट्या बाजूला गेला तर मध्ये फटी पडतात आणि त्या कड्या कापल्यावर स्क्रूच्या आट्यासारख्या तिरक्या निघतात. झुकाव जास्त झाला तर वेढा आधीच्यावर चढतो. चढला की थांबा, एक वेढा उलटा सोडवा, पुन्हा सुरू करा. चढलेला वेढा हातोडीने बसवायचा प्रयत्न व्यर्थ आहे. तिथे तार चपटी होते.

फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू नका. मोज्याचा कापूस तारेत अडकला तर बोट सोबत जातं. तारेचं शेवटचं टोक हातातून एकदम सुटू देऊ नका, ते चाबकासारखं फिरतं. आधी ड्रिल थांबवा, मग टोक पकडीत धरून सावकाश सैल सोडा.

गुंडाळी सळईवरून ओढून काढायची नाही. ज्या दिशेने गुंडाळली त्याच्या उलट किंचित पिळ द्या, ती सैल होऊन सरकते. दोन्ही शेपटं तोडून टाका आणि व्हर्निअरची आतली टोकं घालून व्यास मोजा.

करवतीने कापणं

इथे घाई करू नका. सगळ्या लेखातलं खरं काम हेच आहे.

सोनारी करवतीला पातं ३/० नंबरचं लावा. त्याची जाडी ०.२४ मिमी असते आणि इंचाला साठेक दात. कोणत्याही क्षणी किमान तीन दात धातूवर टेकलेले हवेत, हा पात्याच्या निवडीचा नियम. २ मिमीच्या जवळची तार असेल तर २/० चालतं, १ मिमीच्या खाली ४/० घ्या. जाडे दात बारीक तारेवर अडकतात आणि पातं तुटतं.

पातं लावताना दात बाहेरच्या बाजूला आणि मुठीकडे झुकलेले. बोट हलकेच पात्यावरून मुठीकडे न्या आणि मग वर न्या. एका दिशेला ते सहज सरकतं, दुसऱ्या दिशेला खरखर लागते. मुठीकडे येताना गुळगुळीत आणि वर जाताना खरखर, हे बरोबर. आधी मुठीजवळचं टोक आवळा, चौकट टेबलाच्या कडेला टेकवून छातीने थोडी दाबा, वरचं टोक आवळा आणि दाब सोडा. नखाने छेडलं तर पात्यातून तंबोऱ्याच्या तारेसारखा स्पष्ट ‘टिंग’ आला पाहिजे. ‘थप्प’ असा आवाज आला तर पातं सैल आहे; ते तिरकं कापेल आणि तुटेल. पात्याला मेण लावा, दर गुंडाळीला पुन्हा एकदा.

लाकडाच्या एका तुकड्यावर तिकोनी कानशीने लांब खोबण पाडा आणि तो तुकडा सी-क्लँपने टेबलाला घट्ट बांधा, खोबणीचं एक तोंड टेबलाच्या कडेबाहेर येईल असा. गुंडाळीत बांबूची गोल काडी सरकवा. सैल वाटली तर तिच्यावर कागदाचे एकदोन वेढे घ्या. या काडीमुळे दोन गोष्टी होतात: गुंडाळी दबून लंबगोल होत नाही, आणि पातं खाली उतरलं तर वेढ्यांच्या समोरच्या बाजूला आतून ओरखडा काढण्याऐवजी लाकडात शिरतं. गुंडाळीच्या मागच्या अर्ध्या भागावर मास्किंग टेपचा एक वेढा द्या, धरायला पकड मिळते. आता ती खोबणीत ठेवून डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने मागून दाबून धरा, बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशी. खाली पांढरा कागद किंवा ताट.

पहिला काप वरच्या दिशेने घ्या, म्हणजे दात न चावता बारीक खाच पडते. मग मूठ खाली ओढताना कापायचं, वर जाताना नुसतं उचलायचं. पातं गुंडाळीच्या लांबीच्या रेषेतच, पण साधारण तीस अंशांनी तिरकं, पुढच्या टोकावर. म्हणजे एका वेळी दोन-तीन वेढे कापले जातात. पहिला पूर्ण तुटेपर्यंत तिसऱ्यावर खाच पडलेली असते आणि काप सरळ पुढे चालतो. सुटलेली कडी काडीवरून घसरून ताटात पडते. पात्याची पूर्ण लांबी वापरा, हात सावकाश, आणि दाब जवळजवळ नाहीच. दाबावं लागतंय असं वाटलं तर पातं बोथट झालं आहे, बदला.

नवख्यांची पाती तुटतात ती बहुतेक वेळा वळणावर. काप भरकटला की आपण नकळत करवत पिळून तो रेषेवर आणायला बघतो. पिळू नका. करवत बाहेर घ्या, गुंडाळीवर मार्करने लांबीची रेघ ओढा आणि रेघेवरून नवी खाच पाडा. काप गुंडाळीभोवती फिरत असेल तर दोष करवतीचा नसून डाव्या हाताचा आहे. गुंडाळी बोटांत फिरते आहे. टेपवर आणखी एक वेढा द्या. शेवटचे चार-पाच वेढे सोडून द्या. तिथे बोटं पात्याच्या फार जवळ येतात. पहिल्या दिवशी तीन-चार पाती तुटली तरी ते नेहमीचंच आहे, म्हणून पाती डझनानेच आणा.

करवत नसेल तर फ्लश कटरने काम होतं, पण त्याची एक बाजू सपाट आणि दुसरी टोकदार कापते. प्रत्येक कडीसाठी कटर उलटवून टोकदार बाजू पुन्हा छाटावी लागते. तार जास्त वाया जाते आणि हात दुखतो. साध्या साइड कटरची कडी दोन्हीकडून टोकदार निघते, ती दागिन्याला नकोच. रोटरी टूलवर लावायच्या चकतीने काम झपाट्याने होतं, पण गुंडाळी पकडायचं पक्कं झाकण असलेलं साधन, गॉगल आणि मास्क याशिवाय ते करू नका. उघड्या हातात गुंडाळी धरून चकती फिरवणं धोक्याचं आहे.

बर काढणं आणि साफ करणं

कापलेल्या तोंडाच्या कडेला बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत किनार, राहते. ती कपड्याचे धागे ओढते आणि तोंडं पूर्ण भिडू देत नाही. टम्बलर (कड्या घोळवून चमकवायचं फिरतं पिंप) असेल तर त्यात स्टीलचे छर्रे, ते बुडतील एवढं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून एक ते दोन तास फिरवा. कड्या चमकतात, शिवाय वरून थोड्या कडकही होतात. टम्बलर नसेल तर तोंडं ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलकेच घासा, बाहेरची कड तेवढी. सपाट तोंडावर कागद फिरवू नका, कोपरे गोल होतात आणि जोड पुन्हा दिसायला लागतो.

तांबं काळवंडलं असेल तर चिंचेचं पाणी किंवा लिंबू-मीठ घरातलंच आहे. दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा. ओल्या राहिलेल्या कड्यांवर डाग पडतात.

कडी बंद करणं

दोन पकडी, दोन्ही आतून गुळगुळीत. दातेरी पकड घेतली तर सगळी मेहनत ओरखड्यांत जाते. तोंड वर ठेवून कडी दोन्ही बाजूंनी धरा. उघडताना एक टोक पुढे, एक मागे. बाजूला फाकवायची नाही, गोलाई कायमची जाते. बंद करताना टोकं एकमेकांच्या किंचित पुढे नेऊन परत आणा, आत हलका दाब ठेवून, दोन-तीन वेळा. टोकं घासत जागेवर बसतात तेव्हा बारीकशी ‘टिक’ जाणवते. मग नख जोडावरून फिरवा. अडलं तर ती कडी अजून बंद नाही.

आता पाच सेंमीचा बायझंटाइन नमुना विणा आणि त्यात किती कड्या गेल्या ते मोजा. मनगटाच्या लांबीचा हिशेब त्यावरून करा, कोणाच्या तक्त्यावरून नको. नमुना वाकत नसेल तर सळई पाव मिमीने मोठी घ्या. ढिला वाटला तर तेवढीच लहान. नमुन्याला चिठ्ठी बांधून ठेवा: धातू, तारेची जाडी, सळई, सुटल्यावरचा आतला व्यास. सहा महिन्यांनी तोच दागिना पुन्हा करताना ही चिठ्ठीच कामाला येते.

इतर धातू

अॅल्युमिनियम हलकं आणि स्वस्त, पण पात्याच्या दातांत चिकटतं. मेण भरपूर लावा. पितळ ताठ असतं आणि साखळीला छान धार देतं, गुंडाळताना मात्र ताण जास्त लागतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, निकेल असतं. अंगावर खाज येणाऱ्यांसाठी ते वापरू नका. स्टेनलेस स्टील सुरुवातीला हाताने कापायच्या भानगडीत पडू नका.

चांदीकडे वळाल तेव्हा ९२५ ची (हजारात ९२५ भाग चांदी असलेली) तार घ्या; शुद्ध चांदीच्या कड्या फार मऊ राहतात. १.२२ मिमीची ही तार मीटरला सुमारे १२ ग्रॅम भरते. कापण्याआधी तांब्याचा सगळा भुगा पुसून घ्या, पातं नवं लावा आणि खाली कोरा कागद पसरा. चांदीचा भुगा आणि शेपटं वेगळ्या डबीत ठेवा, सराफाला वजनावर देता येतात. सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घेऊन झारेकरी तिच्यातून सोनं-चांदी धुऊन काढतात, ते काही उगाच नाही.